तुडवलेलं बी

उन्हाळा अर्धा सरला की आमच्या गोठ्यात रोज सकाळी एक काम ठरलेलं असे. आबा ढवळ्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरत, मी त्याची जीभ फडक्यात पकडून बाजूला ओढायची आणि आई बाभळीच्या काट्यानं जिभेखाली रुतलेली कुसळं एकेक करून काढायची. कुसळ म्हणजे डोंगरावरच्या त्याच नावाच्या गवताचं बी. पुढं सुईसारखं टोक, मागं पीळ दिलेली काळी शेपटी. ओल लागली की ती शेपटी आपोआप फिरू लागते आणि टोक मांसात आत आत शिरतं. बैलाच्या तोंडात ओल कायमचीच. आई जखमेत हळद-तेल भरायची आणि ढवळ्या गव्हाणीपुढं जाऊन उभा राहायचा. समोर गवत, पोटात भूक, आणि तो गवताकडं नुसता बघतोय. त्या वेळी मी सतरा वर्षांची होते आणि मला राग यायला फारसं काही लागत नसे. पण ढवळ्याला तसं उभं पाहिलं की कुणाला तरी धरून बडवावं असं वाटायचं. कुणाला, ते मात्र ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसताना मी जे केलं, ते या प्रकरणात लिहायचं आहे.

आमची वाडी मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, मधे नाचणीची हलकी वरकस रानं आणि त्याच्या वर साऱ्या वाडीचा म्हणून एक डोंगर. आम्ही त्याला नुसता माळ म्हणत असू. आबा सांगत, त्यांच्या लहानपणी त्या माळावर कमरेएवढं पवना गवत उभं असायचं, घळींतून मऊ मारवेल असायची, आणि जनावरं संध्याकाळी पोटं नगाऱ्यासारखी फुगवून परत यायची. माझ्या काळात वर होतं ते फक्त कुसळ. घरात दोन बैल, एक गाय, आई, आबा, धाकटी बहीण गोदा आणि मी. दुपारी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, कधी मूठभर सुकट भाजली की शेजारचं मांजरही आमचंच व्हायचं. घर लहान होतं. आतल्या खोलीत गोदा खोकली की ओट्यावर आबा कूस बदलत. पण त्या घरात एक चैन होती. आमच्याकडं छापील कागद होता.

माझा मामा पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचा. वर्षातून दोनदा तो यायचा तेव्हा खाकेत रद्दीची गुंडाळी असायची. विदेशी कापड का जाळावं, दारू का सोडावी, मुलींना का शिकवावं, गुरांना लाळ आली तर काय करावं, सगळं त्या गुंडाळीत. मी चार यत्ता शाळेत शिकले आणि त्यापुढचं सगळं या पत्रकांवर शिकले. फक्त एक गोष्ट होती. ते कागद बिघडलेले असायचे, म्हणून तर मामाला फुकट मिळायचे. बरेचसे एकाच अंगाला छापलेले. मोठा कागद घडी घालून कापला की पहिलं पान छापील, दुसरं-तिसरं कोरं, चौथं-पाचवं छापील, पुन्हा दोन कोरी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कोऱ्या पानांवर काय असणार ते मला वाचल्याशिवायच कळतं असं मला वाटायचं. मी दौत-टाक घेऊन ती पानं स्वतःच भरून टाकायची. लोक विचारतात, तुम्ही लिहायला कशा लागलात. अशी लागले. दुसऱ्याच्या दोन पानांच्या मधे शिरून.

त्या फाल्गुनात मामानं आणलेल्या गुंडाळीत गवताच्या कुरणांवरचं एक सोळा पानी पत्रक होतं. मी ते तीनदा वाचलं. कुसळ माजलेलं कुरण नांगरून, चांगल्या गवतांचं बी टाकून पुन्हा कसं उभं करावं. कोणत्या जमिनीला कोणतं गवत. पुढं ओला चारा खड्ड्यात दाबून त्याचा मुरघास कसा करावा. पाचव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं की कुरण नव्यानं तयार करताना शेळ्यामेंढ्या आत येऊ देऊ नयेत. तिथं पान संपलं. सहा आणि सात कोरी. मी टाक उचलला.

आमच्या माळाच्या माथ्यावर धनगरांची तीन घरं होती. त्यातली ठकूबाई आमच्या घरची. म्हणजे नात्यानं नव्हे. पण ती खाली उतरली की आमच्या ओट्यावर बसायची, आई तिला गूळ-पाणी द्यायची, ती आईला लोकर आणि लोण्याचा गोळा द्यायची. आम्ही बहिणी तिला मावशी म्हणायचो. पत्रकातली मेंढरं आणि ठकूमावशीची मेंढरं एकच आहेत, हे लिहिताना मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण तत्त्वापुढं मावशी कसली, अशा झोकात मी होते. मेंढराच्या लोकरीला चिकटून कुसळ डोंगरभर पसरतं. मेंढरू चांगलं गवत मुळासकट खुडतं आणि वाईट तेवढं ठेवतं. ज्या गावाला आपलं कुरण प्यारं आहे त्यानं असल्या कळपांना कायमची बंदी करावी. ‘कायमची’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. पुढं बियाण्याविषयी लिहिलं की भेसळ नको, एकच उत्तम जात घ्यावी, शुद्ध पवना. दोन पानं भरली. अक्षर मी छापल्यासारखंच काढायची.

चैत्रात चावडीवर बैठक बसली. दोघातिघांची जनावरं तोंडाच्या जखमांनी आजारी होती, म्हणून सगळे आले होते. वाडीचे पाटील दौलतराव. ढेरपोट्या, मिठास बोलणारा माणूस, माझ्याशी तर फारच मिठास. मला म्हणाले, "अनशे, तुज्याकडं पुस्तक हाय म्हनं गवताचं? वाच बरं. पुरुषांत बसायला लाजू नगं, तू काय लाजतीस थोडीच!" लोक हसले. मी उभी राहिले आणि पाचवं पान वाचलं, आणि न थांबता सहावं आणि सातवं वाचलं, आणि त्याच आवाजात आठवं वाचलं. कुणाला शिवण कळली नाही. मला मात्र मधली दोन पानं वाचताना असं वाटलं की आपला आवाज इतका चांगला याआधी कधी लागला नव्हता.

"कायमची बंदी," पाटील मान हलवत म्हणाले. "छापल्यालं हाय बाबा. आपुन काय करनार!"

ठकूमावशीचा नवरा तिथंच खांबाला टेकून उभा होता. ठकूमावशी दुसऱ्या दिवशी खाली आली ती ओट्यावर न बसता अंगणातच उभी राहिली. आबांना म्हणाली, "दादा, बी टाकताय ते टाका. पर त्ये दाबाल कशानं? गवताचं बी कापसावानी हलकं. माझी मेंढरं वरनं फिरीवली तर खुरानं मातीत बसंल. तेवडं करा, मंग आमास्नी हाकला." आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मावशी, पुस्तकात तसं नाही." ती म्हणाली, "न्हाई तर न्हाई." आठ दिवसांत तिन्ही घरं मोडली. त्यांनी वासे काढून नेले, चुलीचे दगड तेवढे तिथं राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. ज्येष्ठात वाडीनं माळाचा अर्धा उतार नांगरला, पाटलांनी कुठून तरी पोत्यांनी पवन्याचं बी आणलं, बायकांनी ते हातानं फेकलं. निम्मं वाऱ्यावर उडून करवंदीच्या जाळ्यांत अडकलं. उरलेलं, नांगरानं मोकळी केलेली माती घेऊन, आषाढात ओढ्यानं खाली आलं आणि आमच्याच खाचरांत साचलं. श्रावणात माळाच्या त्या उतारावर तांबडा मुरूम उघडा पडला होता. न नांगरलेल्या भागात कुसळ मजेत डुलत होतं.

दिवाळीला मामा आला. त्याच्या गुंडाळीत त्याच पत्रकाची एक धड प्रत होती, दोन्ही अंगांनी छापलेली, फक्त कोपरा फाटका. मी चुलीपुढं बसल्या बसल्या लाटणं बाजूला ठेवून सहावं पान उघडलं. आई करंज्या तळत होती. कढईतल्या त्या आवाजाशिवाय त्या क्षणाचं मला दुसरं काही आठवत नाही. सहाव्या पानावर लिहिलं होतं की ही बंदी बी रुजून गवत धरेपर्यंतच असावी. मात्र पेरल्याच्या दिवशी मेंढरांचा कळप शेतावरून दोन-तीनदा अवश्य फिरवावा, म्हणजे हलकं बी मातीत दाबलं जातं. आणि हे ज्यांना उत्तम कळतं अशा त्या भागातल्या मेंढपाळांचा सल्ला घ्यावा. सातव्या पानावर होतं की एकाच जातीचं बी कधीही घेऊ नये, मिश्रण घ्यावं, आणि चढावर नांगर घालू नये.

आज ऐंशी उलटल्यावरही त्या चुलीपुढं बसलेल्या पोरीविषयी मला दया येत नाही. लोक म्हणतात, लहान होतीस. मी लहान नव्हते. माझ्या वयाच्या पोरी दोन पोरांच्या आया होत्या. मी चांगलं मोठं, घोटीव अक्षर काढून एका बाईचं घर मोडलं होतं.

मी तशीच पीठभरल्या हातांनी चावडीवर गेले. पाटील पान खात बसले होते, भोवती चारपाच माणसं. मी दोन्ही प्रती त्यांच्यापुढं टाकल्या आणि सांगितलं, की त्या दिवशी मी वाचलं त्यातली दोन पानं छापील नव्हती, ती मी लिहिली होती. खरं पान हे आहे. धनगरांना परत बोलवा.

पाटलांनी माझ्या हातची पानं उचलली, उजेडाकडं धरली, आणि हसले. "तू लिवलंस व्हय? झ्याक लिवलंस की!"

"पाटील, ते खोटं होतं."

"आगं, खोटं कसं? समद्या वाडीनं ऐकलं, समद्या वाडीनं मानलं. आता त्ये खरं झालं." त्यांनी पानं घडी घालून आपल्या बंडीच्या खिशात ठेवली. छापील प्रत मात्र माझ्याकडं सरकवली. "ही तुज्याकडं असू दे. तुला वाचायचा नाद हाय."

महिन्याभरात कळलं की पुण्याच्या एका गवतवाल्याला पाटलांनी सबंध माळ कापायला दिला आहे. टांग्याच्या घोड्यांना म्हणून कुसळाचे भारे गाड्या भरभरून गेले. आमच्या ढवळ्याला वर जायलाही बंदी झाली. माळावरचं गवत सुधारावं असं दौलतराव पाटील या माणसाच्या मनात कधी नव्हतंच. त्याला तो डोंगर माणसांपासून मोकळा हवा होता आणि त्यासाठी त्याला एका वाचणाऱ्या पोरीची गरज होती. आजही हे लिहिताना माझा टाक कागदात रुततो. पाटलांवर मी पुढं पुष्कळ लिहिलं. पण राग पाटलांवरच असता तर सोपं होतं.

माघात आबा मला घेऊन नसरापूरच्या बाजाराला गेले. त्यांनी कारण मीठ-मिरचीचं सांगितलं, पण मिठाच्या दुकानाशी न थांबता ते घोंगड्यांच्या रांगेकडं वळले. ठकूमावशी तिथं बसली होती, पुढ्यात चार घोंगड्या. तिनं आबांना रामराम केला, मला केला नाही. मी तिच्यापुढं मातीत बसले आणि पत्रक उघडलं. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते बाजूलाच राहिलं. मी म्हणाले, "मावशी, हे ऐक." आणि सहावं पान वाचलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस का गं? ह्ये म्या हिच्या बाला दारात सांगितलं व्हतं. तवा हिला पटलं न्हाई. आता कागुद सांगतोय म्हनून धा कोस चालत आली." दोघी खदाखदा हसल्या. ते हसणं बरं नव्हतं.

"मावशी, मी चुकले. ती पानं मीच लिहिली होती."

तिचं हसणं थांबलं. ती घोंगडीच्या दशांतून बोटं फिरवू लागली. "माजी म्हातारी सासू नव्या जागंला गारठ्यानं गेली," ती म्हणाली. "त्ये लिव्हशील का तुज्या पानावर?"

मी म्हणाले, लिहीन. ते आज लिहिलं.

आबा इतका वेळ उभे होते. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरून म्हणाले, "ठकूबाई, माळ माज्या हातात न्हाई. पर घरामागं माजी सोताची पड जिमीन हाय, दोन औताची. तिथं काय टाकू, त्येवढं सांग. गुरं मराय लागलीत."

तिनं आबांकडं पाहिलं, आणि मग पाठीमागून एक चुंगडं ओढलं. त्यात फडक्याच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या. तोरण्याच्या मागच्या नव्या जागेवरून, कार्तिकात कळपामागं चालताना तुरे ओरबाडून जमवलेलं बी. तिनं ओंजळीनं मापलं. "तीन वंजळी पवना, चढाला. दोन मारवेल, ओलीच्या जागंला. एक शेडा, मुरमाला. तिथं दुसरं काय येत न्हाई." मग शेवटच्या पुरचुंडीतून तिनं चिमूटभर बी टाकलं. काळ्या पीळदार शेपट्या मी लगेच ओळखल्या.

"कुसळ?" मी जवळजवळ ओरडले. "आमच्या ढवळ्याची जीभ फाडली ते?"

"व्हय, त्येच. पयल्या सालाला पवना जिमिनीत निजून ऱ्हातो. तवर माती कोन धरंल, तुजा कागुद? कुसळ लवकर उगवतं, माती धरतं. कवळं हाय तवर कापा, ग्वाड चारा. तुमी कापायला उशीर करता आन् नाव त्येला ठेवता." चुंगडं आबांच्या हाती देत ती म्हणाली, "शेन आन् वारुळाची माती कालवून गोळ्या करा. भुई वली झाली की टाका."

आबा अडखळत म्हणाले, "आन् दाबायला? कळप घिऊन ईल का त्या दिशी?"

"न्हाई दादा," ती म्हणाली. "ज्या वाटंनं हाकललं त्या वाटंनं माजी मेंढरं चढायची न्हाईत." आणि मग प्रथमच माझ्याकडं बघून: "हिला दोन पाय हायेत न्हवं?"

मृगाच्या दोनतीन सरींनी पड मऊ झाली. नांगर घातला नाही. आबांनी नुसता काट्याचा फास, म्हणजे एकत्र बांधलेल्या काटेरी फांद्या, ओढून वरची माती खरवडली. आई, गोदा आणि मी शेणमातीच्या गोळ्या टाकत गेलो आणि मग चौघं एका रांगेत उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून, आणि तुडवत निघालो. टाच आधी, मग पंजा. एक फेरी खाली, एक वर. पहिल्या फेरीला गोदाला हसू आवरेना. तिसऱ्या फेरीला कुणी हसत नव्हतं. बांधावर माणसं जमली. "अनशे, लग्नात नाचायचं सोडून हितं नाचतीस व्हय?" "वैनी, पाय दुखलं तर शेकायला कुसळाचा भारा धाडू का?" आई खाली मान घालून तुडवत राहिली. माझ्या पायांत काय आलं होतं मला सांगता येत नाही. प्रत्येक टाचेखाली मी काही तरी चिरडत होते. पाटलांचं हसणं, चावडीवरचा माझा तो छान लागलेला आवाज, ‘कायमची’ खालच्या दोन रेघा. चिखल पोटरीपर्यंत आला, मुरमाच्या कडांनी तळवे फुटले, तरी मी पाय हळू पडू दिला नाही.

पाचव्या का सहाव्या फेरीला पाटील आले. छत्री लावून बांधावर उभे राहिले. "शिरपती, बैल मेलं का काय तुजं? पोरी जुपल्यास त्या?"

आबा माझे फार गरीब होते. चावडीवर त्यांनी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. ते न थांबता, मान वर न करता म्हणाले, "मेंढरं तुमी हाकलली, पाटील. ऱ्हायलं त्ये पाय."

आणि तुडवत पुढं गेले. थांबले ती मी. रांग सोडून मी पाटलांपुढं गेले आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. काय बोलले ते शब्द मला आठवत नाहीत, पण ते चांगले होते. पाटलांची छत्री हलली आणि ते निघून गेले. मी परत फिरले तेव्हा रांग आठदहा पावलं खाली गेली होती. मी धावत जाऊन तिला मिळाले.

भाद्रपदात पड गुडघ्याच्या वर होती. कुसळ पुढं, त्याच्या आडोशानं पवन्याची निळसर पाती, खालच्या ओलीत मारवेल. कुसळाला तुरा यायच्या आत आम्ही सगळं ओलंच कापलं, आबांनी पत्रकाच्या बाराव्या पानाप्रमाणं खड्डा खणला आणि आम्ही पुन्हा त्याच चार माणसांनी ते तुडवून दाबून बुजवलं. चैत्रात खड्डा उघडला तेव्हा ताकासारखा आंबूस वास सुटला. ढवळ्यानं एकदा हुंगलं आणि तोंड घातलं. त्या उन्हाळ्यात आईनं बाभळीचा काटा मोडून आणला नाही.

भाद्रपदातल्या त्या कापणीच्या दिवशी मात्र पडीच्या वरच्या कडेला, बांधाजवळ, मला एक जागा उघडी दिसली. हातभर रुंद, आठदहा पावलं लांब. बाजूला सगळं हिरवं आणि मधे तेवढा तांबडा मुरूम. मला वाटलं किडीनं खाल्लं. आबा विळा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "हितं तू पाटलाशी बोलत हुतीस."

दुसऱ्या वर्षी मृगात मी एकटी गेले, बी टाकलं आणि ती जागा तुडवली.